मोठ्यानं वाचा

आश्विनातलं दुपारचं आभाळ मला कधीच भरवशाचं वाटलं नाही. सकाळी कसं धुतल्यासारखं स्वच्छ असतं, गोधड्या वाळत टाकाव्यात असं. जेवणं होईतो डोंगरामागनं काळं वर येतं आणि मग एकदम कडाडतं. जायला निघालेल्या पाहुण्यानं उंबऱ्यात उभं राहून भांडण उकरून काढावं, तसा हा परतीचा पाऊस. येतानाच्या पावसाचं कौतुक सगळे करतात. जातानाच्या पावसाला मी भिते.

भिते म्हणजे खरोखरच भिते. परवा सातवीच्या वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार शिकवत होते. पहिला गडगडाट झाला आणि खडू हातातून खाली पडला. मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. भोरच्या या शाळेत मी इतकी वर्षं गणित शिकवते आहे, की आईनं मुलीला सांगावं आणि मुलीनं धाकट्या बहिणीला सांगावं, अशी ती गोष्ट झाली आहे. आमच्या घरी तर मला सरळ भित्री भागूबाई म्हणतात. मी नाकारत नाही.

त्याच संध्याकाळी सुनंदाचा फोन आला. सुनंदा वेल्ह्याच्या पलीकडे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत राहते. अंगणवाडीत मदतनीस आहे आणि आमच्या अंकात लिहिते.

"ताई, नवीन लिवलंय. औंदाच्या अंकासाठी."

"वा, दे पाठवून."

"पाठवायचं न्हाई. वाचून दावायचंय. तुमच्यावर हाय."

मी काहीतरी बरं बोलले असेन. रविवारी नाना वाचतील, आत्यापण, म्हणजे तिच्या सासूबाई, यायच्या म्हणतायत, असं तिनं सांगितलं. फोन ठेवला तो या लेखाच्या धास्तीतच. बाहेर विजा चमकत होत्या, पण त्या वेळी मला त्यांची भीती वाटली नाही. वाटायला जागाच उरली नव्हती.

आमच्या अंकाचं नाव 'खुंटी'. वर्षातून एकदा, दिवाळीच्या तोंडावर निघतो. भविष्य नाही, पाककृती नाहीत, मुखपृष्ठावर नटलेली बाई नाही. ललित लेख असतात, आठवणी असतात, आणि कशातच न बसणारं बरंच काही असतं. एका निवृत्त कंडक्टरनं मुक्कामाच्या एसटीत झोपण्यावर लिहिलं होतं. एकीनं नुसतं बेडकांच्या आवाजांवर लिहिलं, कुठल्या खाचरातला बेडूक कसा ओरडतो ते. घरातल्या खुंटीवर सदरा, पिशवी, छत्री, टोपी, कुणी काहीही अडकवतो. तसा हा अंक, असं नाना म्हणतात. नाना म्हणजे भोरातले जुने ग्रंथपाल. अंक त्यांनी सुरू केला आणि मुद्रितं तपासायला मला ओढलं. पुढं पुढं मी सगळंच करू लागले, पण अंकात माझं नाव नसतं. 'संपादन : खुंटीवाले' एवढंच छापतो. मी त्याला संकोच म्हणते. नाना म्हणतात, "संकोच कसला, भीती आहे ती. कुणी काही बोललं तर आपल्याकडं बोट नको." दरवर्षी ते विचारतात, नाव घालू का. दरवर्षी मी म्हणते, पुढच्या वर्षी बघू.

नानांचा एक नियम आहे आणि त्या नियमापुढं मी रडकुंडीला आले आहे. ज्या माणसाबद्दल लेख लिहिलाय, त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, तो लेख आधी वाचून दाखवायचा. त्यानं हो म्हटलं तर छापायचा. आणि वाचायचा तो लिहिणाऱ्यानं नाही. लिहिणारा तिथं बसेल, पण वाचणारा दुसरा. कारण लिहिणारा वाचताना गाळतो. समोर माणूस दिसला की नेमकं टोचणारं वाक्य डोळ्याखालून सटकतं आणि मग तो म्हणतो, मी तर सगळं वाचून दाखवलं होतं. हे नानांचं निरीक्षण. मी ते नंतर माझ्यावरच पडताळून पाहिलं. अगदी खरं आहे.

आणि समोरच्यानं नाही म्हटलं तर? तर पान कोरं जातं. वर लेखाचं नाव, खाली पांढरं. आंबवड्याच्या एका आजोबांनी त्यांच्या भावकीवरच्या लेखाला साफ नकार दिला, तेव्हा आम्ही तसं पान सोडलं. त्या वर्षी सगळ्यात जास्त पत्रं त्या कोऱ्या पानाला आली. एकानं तर लिहिलं, असंच सकस लेखन देत चला.

पण बहुतेक वाचनं मजेची होतात. कापूरहोळच्या फाट्यावरचा पंक्चरवाला सगळा लेख मन लावून ऐकून म्हणाला, "झ्याक हाय. फकस्त त्यो हातपंप काढा. कंप्रेसर घिऊन लई दिस झालं." एवढीच दुरुस्ती. नाना अशा वेळी पाय पसरून बसतात, चहा घेतात, घरातल्या म्हाताऱ्यांच्या ओळखी काढतात. मी शेजारी बसून घामाघूम होते. वाचणारे ते, ऐकणारा तिसराच, आणि घाम मला.

काही वर्षांपूर्वी नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली. आणि नेमका त्याच वर्षी सुनंदाचा पहिला लेख आला.

लेखाचं नाव होतं 'खोळ'. तिच्या नवऱ्यावरचा. अंकुश त्याचं नाव. परतीच्या पावसात, भातखाचराच्या बांधावर, वीज पडून गेला. त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. लेख रडका नव्हता. त्या घरात 'वीज' हा शब्द उच्चारायचा नाही असा दंडक कसा पडला, लाइट गेली तरी 'त्ये गेलं' म्हणतात, आभाळ कडाडलं की सासू अंगणात विळा कसा भिरकावते, असं बारीकसारीक लिहिलेलं. वाचताना मला मधेच हसूही आलं होतं. आणि मग शेवटाकडं ती तीन वाक्यं. 'आभाळ कडाडत होतं. सासूनं सांगितलं, जा, म्हैस सोडून आण. ते गेले.'

घरात सासू आणि सून, दोघीच. सासरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. घर सासूच्या नावावर. माहेरी भाऊ-भावजयांनी दार लावून घेतलेलं. सुनंदाला त्या घराशिवाय दुसरं घर नव्हतं. आणि ही तीन वाक्यं मी त्या घरात बसून त्या सासूला वाचून दाखवायची होती.

मी नानांना म्हटलं, "डोळा बरा होऊ दे तुमचा. लेख पुढच्या वर्षी घेऊ."

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून नाना खुर्चीत बसले होते. म्हणाले, "तिला विचार. ती थांबते म्हणाली तर थांबू."

सुनंदा थांबायला तयार नव्हती. मी विचारलं, अगं, मग लिहिलंस कशाला? "लिवल्याबिगर ऱ्हाववंना, ताई," म्हणाली. "आन आता लिवलंय तर लपवून कुठं ठिवू?"

भोर ते कापूरहोळ, मग हायवेनं नसरापूरचा फाटा, तिथून आत वेल्ह्याची गाडी. त्या रस्त्यानं मी आधी चार वेळा गेले असेन, पण त्या दिवशीचा तो रस्ता मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. खिडकीतून येणारा, दूध भरलेल्या भाताचा गोडूस वास. उतारांवर पिवळी सोनकी. पुढच्या सीटवर एक बाई कोंबडी मांडीवर घेऊन निवांत झोपलेली. मला तिचा हेवा वाटला, आणि खरं सांगायचं तर कोंबडीचाही. पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत लेखाचे कागद. मी दर थांब्याला हात घालून ते आहेत ना बघत होते. ते हरवले असते तर बरं झालं असतं, असंही वाटत होतं.

वेल्ह्याला उतरले तर तोरणा अर्धा ढगात. तहसील कचेरीसमोर कामाला आलेली माणसं आभाळाकडं बघून पाय उचलत होती. सुनंदा स्टँडवर उभी होती. अंगानं किरकोळ, अंगणवाडीची साडी, ओठ कोरडे पडलेले. वाडीपर्यंत बांधाबांधानं चालायचं होतं. निम्म्या वाटेत ती थांबली.

"ताई, त्ये एक वाक्य जरा हळू वाचाल का?"

कुठलं वाक्य ते मी विचारलं नाही. म्हटलं, वाचीन. नियमात गाळायचं नाही एवढंच आहे. हळू वाचू नये असं कुठंच लिहिलेलं नाही. मी आदल्या दिवशी आरशासमोर तसा सरावही केला होता. तेवढं वाक्य पुटपुटायचं आणि पुढचं लगेच स्पष्ट म्हणायचं.

हौसाबाई दारातच बसल्या होत्या. उंच, वाळलेल्या, हातावर गोंदण. "भोरवरनं आला व्हय? लई लांबनं आला. बसा," म्हणाल्या. सुनेला चहा टाकायला सांगितला आणि सुपात घेवडा घेऊन निवडायला बसल्या. घर दोन खणांचं, वर पत्रा. मी भिंतीला टेकून बसले, कागद काढले. ते मांडीवर ठेवले.

"ही तुमच्यावर काय लिहिते ते ठाऊक आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"मला कशाला सांगती? वाचा तुमी."

मी सुरुवात केली. त्या शेंगा मोडत ऐकत होत्या. विळ्याचं आलं तेव्हा गालात हसल्या. अंकुशचं नाव आलं तेव्हा हात थांबले. 'दारात उभे राहून ते म्हणाले, चहा ठेव, आलोच. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ होती,' हे मी वाचलं आणि हौसाबाई म्हणाल्या, "त्येवढं परत वाचा." मी परत वाचलं. आणखी एकदा वाचायला सांगितलं. मी वाचलं. सुनंदा चुलीपुढं पाठ करून बसली होती आणि ती पाठ मला सगळा वेळ दिसत होती.

तेवढ्यात कडाडलं. हौसाबाई उठल्या, कोपऱ्यातला विळा घेतला आणि अंगणात फेकला. विळा चिखलात उभा रुतला. लोखंडानं काय होतं नि काय होत नाही, हे मला शाळेत शिकवलेलं आहे. तरी तो विळा तिथं रुतलेला पाहून मला बरं वाटलं. त्या परत येऊन बसल्या आणि पाऊस आला.

पत्र्याखाली पाऊस ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. शेजारी बसलेल्या माणसाचा श्वासच काय, त्याचं ओरडणंही कळत नाही. मी वाचत होते आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं. देवानंच सोय केली, असं क्षणभर मनात आलं. याच गदारोळात ते वाक्य उरकून टाकावं. मी पान उलटलं.

हौसाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कान पुढं केला. "मोठ्यानं वाचा," म्हणाल्या. "काय आईकू येत न्हाई."

मी सुनंदाकडं पाहिलं. ती वळली नाही. गाळता येत नव्हतं, पुटपुटता येत नव्हतं. आणि मग वर्गातल्या शेवटच्या बाकालाही कधी दिला नसेल अशा आवाजात मी ओरडून वाचलं, "आभाळ कडाडत होतं. सासूनं सांगितलं, जा, म्हैस सोडून आण. ते गेले."

पाऊस चालूच होता. हौसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि उठून सरळ बाहेर गेल्या. उघड्यावर, त्या विजांत. सुनंदा ओरडली, "आत्या!" आणि उंबऱ्याशी जाऊन थबकली. मी तिच्या मागं. माझं पाऊल काही बाहेर पडेना. एकदम लखकन पांढरं होई आणि त्यात त्या दिसत, खाचराच्या कडेला, वाकलेल्या. पुन्हा काळं. या बाईचं काही बरंवाईट झालं तर ते आपण वाचलं म्हणून झालं, एवढं एकच माझ्या डोक्यात फिरत होतं. सुनंदाची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

त्या म्हैस घेऊन आल्या. गोठ्यात बांधली, पाठीवरनं हात फिरवला, आत आल्या, पदर पिळला आणि पुन्हा जागेवर बसल्या. "म्हैस आनाया त्या दिसापास्नं मी दुसऱ्या कुनाला जाऊ दिलं न्हाई," म्हणाल्या. "हां. वाचा म्होरं."

मी उरलेलं वाचलं. पाऊस तोवर उतरत गेला आणि शेवटच्या ओळी घरातल्या साध्या आवाजात वाचता आल्या. चहा उकळून उकळून काळा झाला होता.

"खरं हाय," हौसाबाई म्हणाल्या. "म्याच धाडला." त्या माझ्याकडं बघून बोलत होत्या, पण बोलणं माझ्याशी नव्हतं. "मला वाटायचं, हिला ठावं न्हाई. ही मागं चुलीपाशी व्हती. इतकी वर्सं मी भीत व्हते, हिला कळलं तर ही उठून जाईल. मग हितं मी एकलीनं कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

सुनंदा चुलीकडंच बघत म्हणाली, "आन मी भीत व्हते, तुमी मला जा म्हनाल."

"जा म्हनू? कुठं जा म्हनू?" हौसाबाई चिडल्याच जरा. "च्या दे त्यास्नी आधी. काळा झाला त्यो."

चहा प्यायलो. मला नियमाप्रमाणं विचारणं भाग होतं. विचारलं, "मग छापायचं का?"

"छापा की. पन त्ये 'सासूनं सांगितलं' काय लिवलंय? सासू कुनाचीबी असती. माझं नाव घाला. हौसाबाई."

नाव काढून 'सासू' करायचं मीच सुनंदाला सुचवलं होतं. तेवढाच आडोसा, म्हणून. मी कागदावर दुरुस्ती केली. त्या वाकून बघत होत्या. वाचता येत नसूनही, मी लिहून संपवेपर्यंत बघत होत्या.

परतताना धरणाच्या पाण्यावर विजा पडत होत्या आणि मी डोळे गच्च मिटून बसले होते. म्हणजे धीट वगैरे मी झाले नाही. तसं होत नसतं. पण त्या घरात दोन बायका एकमेकींच्या भीतीनं वर्षानुवर्षं एका चुलीवर जेवत होत्या आणि दोघींची भीती एकच होती, हे माझ्या मनातून जाईना. अजूनही जात नाही. भात पिवळं पडायला लागलं की ते हटकून आठवतं.

या आठवड्यात मात्र आठवण्यापेक्षा धास्तीच जास्त होती. सुनंदानं माझ्याबद्दल काय लिहिलं असेल? मी त्यांच्या घरी सारखी घड्याळाकडं बघत होते, ते? नाचणीची भाकरी अर्धी ठेवली, ते? दारापर्यंत गेले आणि पाऊल बाहेर टाकलं नाही, ते? पोळ्या लाटताना, वह्या तपासताना, मी स्वतःची झडती घेत होते. त्या पंक्चरवाल्याला, आंबवड्याच्या आजोबांना आम्ही किती सहज जाऊन विचारत होतो, ऐकता का म्हणून. आजोबांनी नाही म्हटलं त्याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. नाही म्हणायचं हे मी दोनदा ठरवलं. कोरं पान जाईल, पत्रंही येतील.

रविवारी ते आले. नाना काठी टेकत, आणि वेल्ह्याच्या गाडीनं या दोघी. हौसाबाईंनी पिशवीभर घेवडा आणला होता. आभाळ भरत आलं होतं. त्यांनी खिडकीतून एकदा वर पाहिलं आणि मला विचारलं, "विळा हाय का घरात?" विळी आहे म्हटलं. "राहू द्या मग," म्हणाल्या, आणि येऊन सोफ्यावर माझ्या अगदी शेजारी बसल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्याबी बसले व्हते," एवढंच म्हणाल्या.

नानांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. 'आमच्या घरी एक बाई वाचायला आल्या होत्या. त्या विजेला फार भीत होत्या. पाऊस पत्र्यावर आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ते वाक्य त्यांनी कागदावर बघून वाचलंच नाही. त्यांना ते पाठ होतं.'

हे मला माहीत नव्हतं. मी डोळे मिटले होते, हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि सुनंदाची तर पाठ माझ्याकडं होती. तिनं कधी वळून पाहिलं?

दूरवर गडगडलं. माझा हात हौसाबाईंच्या हातात गेला होता. नाना पुढं वाचत होते. 'त्या बाई ओरडल्या म्हणून आमच्या घरात कोंडलेलं बोलणं मोकळं झालं. त्या बाई परत जाताना...'

"थांबा, नाना," मी म्हटलं.

सुनंदाचा चेहरा उतरला. "काय चुकलं का, ताई? नको छापायला?"

"चुकलं काही नाही. पण हे 'त्या बाई' काय? माझं नाव घाल."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागद मांडीवर सरळ केला. "सांग," म्हणाले, जसं त्यांना माझं नाव माहीतच नाही.

"वसुधा," मी म्हटलं. आमच्या घराला पत्रा नाही आणि पाऊसही अजून आला नव्हता. तरी ते मी मोठ्यानंच म्हटलं.